टरफलं टाकायची कुठे?

गुलाबाची कुंडी बदलायला घेतली होती. जुनी माती वर्तमानपत्रावर ओतली, मुळांचा गोळा हाताने मोकळा केला, तर त्या काळ्याभोर ढिगातून पिस्त्याची टरफलं डोकावली. त्यांच्याबरोबर कंपोस्टात गेलेल्या केळ्याच्या साली, चहाचा चोथा, सुकी पानं यांचं केव्हाच खत झालं. त्या खतावर फुलं आली, गळूनही गेली. टरफलं मात्र होती तशीच. जराशी तपकिरी, पोटात माती धरून बसलेली. धुऊन वाटीत ठेवली असती तर पाहुण्यांना शंकासुद्धा आली नसती.

मला टरफलं टाकवत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पिस्त्यांची वाटी मधे ठेवून गप्पा रंगल्या की माझं निम्मं लक्ष शेजारच्या रिकाम्या वाटीकडे. तिच्यात कोणी कागदी रुमाल कोंबला, की हसणं चालू ठेवून मी मनातल्या मनात चरफडते. उठताना कोणीतरी मदत म्हणून ती वाटी कचऱ्यात उलटी करायला निघतं, आणि मी ‘असू दे, असू दे’ करत मागे धावते. वजनाने पाहिलं तर पिस्त्यात जवळपास निम्मं टरफलच असतं, अक्रोडातही तसंच. एवढा ऐवज घरात येतो आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

शाळेत दर वर्षी कोणीतरी भाषणात टिळकांची गोष्ट सांगायचंच. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. बाकीच्यांना त्यात बाणेदारपणा दिसायचा. मला प्रश्न पडायचा, मग शेवटी उचलली कोणी? आणि उचलून नेली कुठे? वर्गाबाहेरच्या एखाद्या झाडाच्या बुडाशी गेली असतील, तर ती गोष्ट मला अजूनच आवडेल.

आमच्याकडे शेंगा फोडायचं काम आजोबांचं. जेवणं उरकली की गोणपाट पसरून बसायचे. शेंगेचं टोक अंगठ्याने दाबायचं, टचकन आवाज, दाणे ताटात, टरफल बाजूला. हात चालू, डोळे मिटलेले. आम्ही मुलं मदतीला बसायचो, म्हणजे खायला. अर्धवट उघडलेली शेंग कानाच्या पाळीला चिमटवली की झालं डूल. आम्ही घालायचो आणि आजोबांनाही घालायचो. एकदा तसेच दोन्ही कानांत शेंगा लटकवून ते दार उघडायला गेले. रजिस्टर टपाल आलं होतं. टपाल आणणाऱ्या माणसाने एकदा डाव्या कानाकडे पाहिलं, एकदा उजव्या, आणि सही घेऊन निघून गेला. आजोबा परत येऊन शेंगा फोडायला लागले. कोणीच काही बोललं नाही, आणि मग आजीला जे हसू फुटलं ते संध्याकाळपर्यंत पुरलं.

शेवटी टरफलांचा ढीग गोणपाटात गुंडाळून त्यावर आम्हाला नाचायला लावायचे. तो चुरा बागेत, झाडांच्या बुडाशी. “खोडाला टेकवू नकोस गं, ओल धरते, कुजेल,” एवढंच त्यांचं शास्त्र. चार बोटं जागा सोडायची. मी आजही चार बोटंच सोडते.

शेंगेचं टरफल तसं सोशिक. पाणी पडलं की मऊ होतं, चुरगाळतं, निमूटपणे मातीत जातं. त्यात नवल नाही, ती जागा त्याच्या ओळखीचीच. भुईमुगाचं फूल वर उजेडात उमलतं, मग आऱ्या, म्हणजे देठासारखे बारीक कोंब, सुटतात, खाली वाकून जमिनीत शिरतात आणि शेंगा अंधारात भरतात. पिस्ता, बदाम, अक्रोड यांची गोष्ट निराळी. त्यांची टरफलं म्हणजे जवळजवळ लाकूड, आणि लाकडाला कणखरपणा देणारं लिग्निन त्यांच्यात ठासून भरलेलं. ते पचवणं बहुतेक जिवाणूंना जमत नाही. ते काम मुख्यतः काही बुरशींचं, आणि बुरशीला कुठे जायची घाई नसते. झटपट खताचा ध्यास घेतलेल्या मंडळींना म्हणूनच ही टरफलं डोळ्यांसमोर नको असतात. चाळणीत दर वेळी तीच ती वर राहतात.

मला तर त्यांचा हा हट्टच आवडतो. कंपोस्टाला कार्बनचे २५ ते ३० भाग आणि नत्राचा एक, असं प्रमाण मानवतं. टरफलांत कार्बन भरपूर आणि नत्र नावापुरतं. त्यांचा चुरा मातीत कालवला, तर तो खाणारे सूक्ष्मजीव लागेल ते नत्र आजूबाजूच्या मातीतून उचलतात आणि इकडे झाड पिवळं पडतं. तीच टरफलं वर नुसती पसरली, तर ही उसनवारी मातीच्या वरच्या पापुद्र्यापुरती राहते. ऊन अडतं, ओल टिकते, तण कमी उगवतं, पाणी घालताना माती उडून पानांवर बसत नाही. आणि आच्छादन पुन्हा पुन्हा घालावं लागत नाही, कारण महाराज कुजतच नाहीत. टोकदार टरफलं असली की गोगलगाय येत नाही, असंही म्हणतात. माझ्याकडच्या गोगलगायींना हे अजून कोणी कळवलेलं नाही.

खारे पिस्ते असले तर टरफलं आधी पाण्यात भिजत घालायची आणि ते पाणी मोरीत ओतायचं, कुंडीत नव्हे. मिठाने मुळांना पाणी शोषता येत नाही. काळा अक्रोड कोणाच्या अंगणात असेल, तर त्याचा पाला नि फळांवरची हिरवी साल टोमॅटो-वांग्यांपासून लांब ठेवावी. त्यातलं जुग्लोन नावाचं रसायन त्यांना मारक असतं. आपण एरवी खातो त्या अक्रोडात ते फार कमी, तरी अक्रोडाच्या सावलीबद्दलची कुरकुर जुनी आहे. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच ती करून ठेवली.

आणि टिकण्याचंच म्हणाल, तर स्कॉटलंडजवळच्या कोलन्से बेटावर एका खड्ड्यात हेझलनटची काही लाख टरफलं सापडली. सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची. भाजताना जळून कोळसा झाली म्हणून राहिली. खाणाऱ्यांची नावं नाहीत, भाषा माहीत नाही, घरं गेली, आणि त्यांनी खाऊन टाकलेलं तेवढं उरलं. त्या काळीही कोणीतरी ‘सगळी एकाच जागी टाका रे’ म्हणून मागे लागणारी बाई असणार, याबद्दल मला शंका नाही.

कोळशावरून आठवलं. १९१८ साली, महायुद्ध चालू असताना, अमेरिकेत घरोघरी आवाहन होतं: पीचच्या आठळ्या, अक्रोडाची टरफलं फेकू नका, आणून द्या. त्यांचा कोळसा विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत जायचा. कवच जितकं घट्ट, तितका त्याचा कोळसा वायू धरून ठेवायला चांगला. सात पौंड टरफलांत एका मुखवट्याची सोय व्हायची. म्हणजे तीन किलोंच्या वर. मी नुसता आमच्या घरचा हिशेब मनात मांडून पाहिला आणि सोडून दिला.

शेंगांची टरफलं मात्र हल्ली जिन्यातल्या कुंड्यांत घालत नाही. शेजारी नवीन कुटुंब राहायला आलंय. त्यांच्या धाकट्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तीही साधीसुधी नाही. टरफलाच्या आत दाण्याचा भुगा, लाल साल असं काहीबाही चिकटलेलं असतंच, आणि या पठ्ठ्याला कुंडीतली प्रत्येक गोष्ट हातात घेऊन बघायची असते. होती ती सगळी काढली, वरची माती बदलली. परवा त्याची आई त्याची पिशवी घेऊन आली. इंजेक्शन कुठल्या कप्प्यात असतं, टोपण कसं काढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसं दाबून धरायचं, सगळं दाखवलं. कपड्यांवरूनही चालतं म्हणाली. मी तिला पुन्हा एकदा दाखवायला सांगितलं.