एका उपपदाचा वाद

२२ नोव्हेंबर १९६७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने एकमताने संमत केलेला ठराव क्रमांक २४२ वाचताना माझे लक्ष दर वेळी त्यात नसलेल्या एका शब्दाकडे जाते. त्या वर्षी जूनमध्ये झालेल्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली सैन्याने माघार घ्यावी, असे ठराव सांगतो. परंतु इंग्रजी पाठात ‘प्रदेश’ या शब्दाआधी निश्चित उपपद (‘the’) नाही, आणि फ्रेंच पाठातील रचनेतून मात्र ते सहज वाचता येते. माघार सगळ्या प्रदेशांतून की काहींतूनच, हा वाद तेव्हापासून सुरू आहे. (मराठीत असे उपपदच नसल्याने हा पेच अनुवादात पार विरघळून जातो.) मसुदा ब्रिटनचे लॉर्ड कॅरॅडन यांनी मांडला होता. तेव्हा परिषदेचा सदस्य असलेल्या भारताने ‘सर्व प्रदेश’ हाच अर्थ आपण घेतो, हे स्पष्टपणे नोंदवले.

काही प्रदेशांतूनच माघार पुरेशी, हा उपपदाच्या अभावावर उभारलेला युक्तिवाद, माझ्या मते, ठरावाच्या प्रस्तावनेपाशीच अडखळतो, कारण युद्धाने भूप्रदेश मिळवणे अग्राह्य आहे, असे तिथे निःसंदिग्धपणे म्हटले आहे. त्या युद्धात व्यापलेले सिनाई द्वीपकल्प १९८२ मध्ये इजिप्तला परत मिळाले, पण ते १९७९ च्या द्विपक्षीय तहामुळे. सीरियाकडून घेतलेल्या गोलान टेकड्यांवर इस्रायलने १९८१ मध्ये आपला कायदा लागू केला, तो परिषदेने ठराव ४९७ द्वारे रद्दबातल ठरवला, तरीही ताबा कायम राहिला. १९ जुलै २०२४ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशातील इस्रायलचे अस्तित्व बेकायदेशीर असल्याचे मत दिले. मात्र ते सल्लागार स्वरूपाचे आहे.