ऊर्ध्वधनुरासन : अकरावा महिना

गेल्या गुरुवारी ऊर्ध्वधनुरासनात, म्हणजे उताणं पडून हातापायांवर शरीर कमानीसारखं उचलायच्या आसनात, पाच वेळा वर गेले. हातांखाली आधाराच्या विटा नाहीत, भिंत नाही, फक्त कोपरांच्या जरा वर पट्टा. दर वेळी पंधरा सेकंदांच्या आसपास. वय ४९, उजवा फ्रोझन शोल्डर बरा होऊन दोन वर्षं झालेली. मागच्या जूनमधली वहीतली पहिली नोंद अशी आहे : "डोकं जमिनीवरून सुटत नाही. मनगटं भरून येतात."

पहिले तीन महिने माझी समजूत अशी होती की हातांत ताकद नाही. म्हणून मी दंड कमवायच्या मागे लागले. मग एका रविवारी घरी, काही तयारी न करता, जोर लावून वर गेले. गेले म्हणजे खरंच गेले, एकदा नाही, सहा वेळा. तेवढ्या आनंदात कंबर काय सांगतेय ते ऐकलंच नाही. सोमवारी फळ्यावर लिहिताना खडू खाली पडला आणि तो उचलायला मला वाकता येईना. वर्गातल्या एका मुलीने उचलून दिला.

त्यानंतर तीन आठवडे माझ्या योगशिक्षिका ताईंनी पाठीमागे वाकण्याचं एकही आसन करू दिलं नाही. ताडासन, त्रिकोणासन, वीरभद्रासन, तेही भिंतीला टेकून. पहिल्या आठवड्यात मला ते शिक्षेसारखं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की ताडासनातसुद्धा माझी पावलं बाहेर फिरलेली असतात आणि मांड्यांचा पुढचा भाग ढिला असतो. वर जाताना नेमकं हेच होत होतं : पावलं फिरायची, गुडघे फाकायचे, आणि सगळा भार कमरेच्या एका बोटभर जागेवर यायचा. पाठीचा वरचा भाग, जो खरा उघडायला हवा, तो तसाच पाटासारखा. कमरेचे मणके मुळात लवचीक, ते लगेच वाकतात. फऱ्यांच्या, म्हणजे खांद्यांमागच्या चपट्या हाडांच्या, मधला भाग बरगड्यांनी बांधलेला, त्याला वेळ द्यावा लागतो.

मग सुरू झाला खुर्चीचा काळ. पाठ काढलेल्या लोखंडी खुर्चीत उलटं बसून, मागे झुकून द्विपाद विपरीत दंडासन. खुर्चीच्या पुढच्या कडेवर फऱ्यांची खालची टोकं, डोक्याखाली लोड, पाय भिंतीला. पहिल्यांदा दोन मिनिटं, डिसेंबरपर्यंत सात. श्वास घेतला की खुर्चीची कड बरगड्यांमध्ये कुठे लागते ते नेमकं कळतं, आणि रोज ती जागा थोडी सरकते. सगळ्या अभ्यासात माझं सर्वांत जास्त ऋण या खुर्चीचं आहे.

मी पुण्यात योग शिकते, त्यामुळे विटा, दोर, लोड हे मला नवीन नाही. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी शिकवायला आले आणि पुण्याचेच झाले. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय या सगळ्यांतून गेलेलं ते शरीर. कदाचित म्हणूनच ज्याला जमत नाही त्याच्यासाठी आसन कसं जवळ आणायचं, हा विचार त्यांनी इतका खोलवर केला. नव्वदी ओलांडल्यावरही साधनं घेऊन त्यांचा रोजचा अभ्यास सुरू होता. हे मला माहीत होतं, तरी वर्गात शेजारची पंचविशीतली मुलगी विटांशिवाय वर जायची तेव्हा मी माझ्या विटा हळूच बाजूला सारायचे. ते सोडायला मला आठ महिने लागले.

इथे एक घरातली गोष्ट. जानेवारीत बाबा न्हाणीघरात घसरले. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी वॉकर सांगितला आणि बाबा त्याला हात लावेनात. मी नुसतीच समजावत होते. एके सकाळी ते माझ्या खोलीत आले तेव्हा मी भिंतीला टेकवलेल्या दोन विटांवर हात ठेवून वर गेलेली. ते पलंगावर बसून बघत राहिले. खाली आल्यावर म्हणाले, "या विटा रोज लागतात तुला?" म्हटलं, "रोज, बाबा." संध्याकाळी वॉकर त्यांच्या खुर्चीजवळ होता. आम्ही दोघंही त्यावर काही बोललो नाही.

फेब्रुवारीपासून क्रम असा : अधोमुख श्वानासन, गोमुखासनातले हात, उष्ट्रासन, खुर्ची, मग विटांवर तीन वेळा आणि शेवटी जमिनीवरून. उतरल्यावर लगेच पुढे वाकायचं नाही. आधी श्वानासन, मग भारद्वाजासन, पाठ शांत झाली की पुढचं. वर जाताना टाळू टेकवून थांबायचं, कोपरं आत, फरे पाठीत, आणि मग पायांनी उचलायचं. "हातांनी नाही, पायांनी" हे ताई पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. कानांनी ऐकलं होतं, पायांनी एप्रिलमध्ये ऐकलं.

पतंजलींच्या "प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम्" या सूत्रातल्या पहिल्या शब्दाशी, प्रयत्नशैथिल्य म्हणजे प्रयत्न सैल सोडणं याच्याशी, मी वर्षभर झटतेय. प्रयत्न केल्याशिवाय शरीर उचललंच जात नाही, मग शैथिल्य आणायचं कुठून? गुरुवारी, चौथ्या खेपेला, जबडा आवळलेला आहे हे वर असतानाच कळलं. तो सोडला. श्वास मोकळा झाला आणि समोर, उलट्या डोळ्यांना, जेवणाच्या टेबलाची खालची बाजू दिसली. तिथे सुताराच्या पेन्सिलीने ४८ × ३० लिहिलेलं आहे. टेबल घरात येऊन बावीस वर्षं झाली.

पाचव्या खेपेला ते आकडे पुन्हा वाचले. उजवं कोपर अजून डाव्याहून बोटभर बाहेर जातं, पट्टा आणखी महिनाभर ठेवणार आहे. शाळा सुरू झाली की सकाळचा अर्धा तास कमी होईल, म्हणून खुर्ची संध्याकाळी आणि बाकीचं सकाळी, असं करून बघते.