सगळीच तिकिटं घेतली तर?

लॉटरीच्या जॅकपॉटचा आकडा फुगला की माझ्या पुतण्याचा फोन ठरलेला. तो संख्याशास्त्र शिकतो, मी लोकांचे हिशेब तपासून पोट भरते, त्यामुळे आमचं एकमत होणं अवघडच. त्याचं म्हणणं असं: "आत्या, आकड्यांचे संच मोजके असतात. सगळेच विकत घेतले की लागणारा संच आपल्याकडे असणारच. तिकिटांच्या खर्चाहून जॅकपॉट मोठा असला की झालं. नफा पक्का!"

लागणारा संच आपल्याकडे असणार, हे खरं. नफा पक्का, हे मात्र नाही. एकावरून दुसऱ्यावर उडी मारताना मध्ये काय काय राहून जातं, ते आज सविस्तर लिहिते. पुढच्या फोनला एवढंच पाठवून मोकळी होईन.

कल्पना नुसती गप्पांतली नाही. रुमानियात जन्मलेल्या आणि पुढे ऑस्ट्रेलियात गेलेल्या स्टीफन मँडेलने तिच्यावर आयुष्य काढलं. त्याचा सगळ्यात गाजलेला डाव १९९२ सालचा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातला. तिथे ४४ आकड्यांतून ६ निवडायचे होते, सहाही जुळले की जॅकपॉट. असे संच होतात ७०,५९,०५२. तिकीट एक डॉलरचं. जॅकपॉट न लागता साठत साठत २ कोटी ७० लाख डॉलरवर गेलेला. म्हणजे ७० लाख घालायचे आणि जवळजवळ चौपट उचलायचे.

इथे माझी लाल पेन्सिल बाहेर निघते. ते पैसे एकरकमी मिळणार नव्हते, वीस वार्षिक हप्त्यांत मिळणार होते. वर्षाला साधारण साडेतेरा लाख डॉलर. सात टक्के व्याज धरून त्या हप्त्यांची तेव्हाची एकरकमी किंमत काढली (सात टक्के मी धरलेत, कुणी सहा धरील) तर ती १ कोटी ५३ लाखांच्या आसपास येते. चौपट म्हणता म्हणता दुपटीवर आलो, आणि अजून एकही तिकीट छापलेलं नाही.

तिकिटं छापणं हीच खरी कसोटी होती. एका स्लिपवर पाच संच बसत, म्हणजे भरलेल्या स्लिपा लागणार १४ लाखांहून जास्त. त्या संगणकावर आधीच छापून तयार ठेवल्या होत्या. पण दुकानातल्या मशीनने स्लिप वाचायची, तिकीट काढायचं, पैसे मोजायचे, हे एकामागून एकच होतं. गणित कितीही पक्कं असलं तरी काउंटर आपल्या वेगानेच चालतो. सोडतीची वेळ झाली तेव्हा सत्तर लाखांतली साधारण पन्नास लाख तिकिटं हातात आली होती. लागलेला संच त्या पन्नास लाखांत निघाला. लॉटरीवाल्यांनी थोडी खळखळ केली, मग पैसे दिले.

हा किस्सा सांगताना लोक "गणिताने लॉटरीला हरवलं" असं म्हणतात. मला ते पटत नाही. पन्नास लाख हातात आणि वीस लाख बाहेर, म्हणजे जॅकपॉट हुकण्याची शक्यता तीस टक्क्यांच्या आसपास होती. मी या फायलीवर "दैव बलवत्तर" एवढाच शेरा मारीन. शिवाय या डावात पैसे घालणारे सुमारे २,५०० गुंतवणूकदार होते. वर्षाचा साडेतेरा लाखांचा हप्ता त्यांच्यात सारखा वाटला तर माणशी ५४० डॉलर, तेही कर आणि खर्च वळते करण्याआधी. वीस वर्षं.

त्याच वर्षी आयर्लंडमध्येही असा डाव पडला. करणाऱ्याचं नावही स्टीफनच, स्टीफन क्लिन्सेविच. तिथे ३६ आकड्यांतून ६, म्हणजे १९,४७,७९२ संच, तिकीट अर्ध्या पौंडाचं. सगळे घेतले तर खर्च ९,७३,८९६ पौंड. त्याच्या मंडळीने महिनोन् महिने बसून जवळजवळ अडीच लाख स्लिपा हाताने भरल्या आणि संधीची वाट पाहिली. मे महिन्यातल्या सुट्टीच्या सोडतीला जॅकपॉट १७ लाख पौंडांवर गेला. लॉटरीवाल्यांना सुगावा लागताच त्यांनी प्रत्येक मशीनवर विक्रीची मर्यादा घातली, काही ठिकाणी मशीनच बंद केली. तरी ऐंशी टक्क्यांहून अधिक संच घेऊन झाले होते. खर्च सुमारे ८ लाख २० हजार.

आणि मग जॅकपॉट तिघांत वाटला गेला. यांच्या वाट्याला आले ५,६८,६८२ पौंड. म्हणजे जॅकपॉट लागूनही अडीच लाखांचा खड्डा!

तरीही शेवटी त्यांना सुमारे तीन लाखांचा नफा झाला. कसा, ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडतं. त्या सोडतीत चार आकडे जुळले तरी १०० पौंड, अशी खास योजना होती. आता मोजा: सहापैकी नेमके चार जुळणारे संच किती? ६,५२५. ज्याच्याकडे सगळे संच आहेत त्याला ही सगळी बक्षिसं मिळतात, म्हणजे साडेसहा लाख पौंड, पूर्ण खर्चाचे दोन-तृतीयांश. कुणाशी वाटून घ्यायला नको, कुणाच्या नशिबाची वाट पाहायला नको. वर्तमानपत्रांनी जॅकपॉटबद्दल लिहिलं असेल, पण ताळेबंद उचलून धरला तो चिल्लर बक्षिसांनी.

वाटणीचं गणित पुतण्याच्या शास्त्रातलं आहे, त्यामुळे ते त्यालाच करायला लावलं. समजा एकूण जितके संच आहेत तितकीच तिकिटं इतरांनी, मनाला येईल तशी, घेतली आहेत. तर लागलेला संच दुसऱ्या कुणाकडेच नसण्याची शक्यता ३७ टक्के, आणि सगळे संच घेणाऱ्याच्या वाट्याला सरासरीने जॅकपॉटचा ६३ टक्के भाग. इतरांची तिकिटं दुप्पट झाली की ४३ टक्के, तिप्पट झाली की ३२. आणि जॅकपॉट वाढला की इतरांची तिकिटं वाढतातच. ज्या आकड्याला भुलून तुम्ही मैदानात उतरता, त्यालाच भुलून बाकीचेही उतरतात. सगळी तिकिटं घेतल्याने नशीब व्यवहारातून बाहेर जात नाही, ते तुमच्या हातातून अनोळखी माणसांच्या हातात जातं. मला विचाराल तर हा वाईट सौदा आहे.

त्यात "मनाला येईल तशी" हे गृहीतकही लंगडं. १४ जानेवारी १९९५ ला ब्रिटनच्या लॉटरीत ७, १७, २३, ३२, ३८, ४२ हे आकडे आले. जॅकपॉट १ कोटी ६३ लाख पौंडांचा, आणि विजेते १३३! प्रत्येकाला १,२२,५१० पौंड. तेव्हाच्या ४९ आकड्यांच्या खेळात १,३९,८३,८१६ संच होते, तिकीट एक पौंडाचं. त्या आठवड्यात कुणी सगळे संच घेतले असते तर तो १३४वा झाला असता. एक तिकीट घेणारा निदान लोकांचे लाडके आकडे टाळू शकतो. सगळी घेणाऱ्याला तीही मुभा नाही.

पुतण्याने मग पॉवरबॉल ही अमेरिकेतली मोठी लॉटरी काढली. तिथले जॅकपॉट अब्जांत जातात, तिथे तरी? बघू. २९,२२,०१,३३८ संच, दोन डॉलरला एक, म्हणजे ५८ कोटी ४४ लाख डॉलर. जॅकपॉट सोडून बाकी सगळी बक्षिसं मी बेरजेला घेतली: सगळे संच जवळ असतील तर ती होतात ९ कोटी ३५ लाखांच्या जवळपास. १३ जानेवारी २०१६ च्या सोडतीत जॅकपॉट १५८ कोटी ६० लाखांचा जाहीर झाला होता, पण एकरकमी घ्यायचा तर ९८ कोटी ३५ लाख. जिंकणारी तिकिटं तीन निघाली. तुम्ही चौथे. वाटा साडेचोवीस कोटींचा, अधिक चिल्लर, वजा खर्च: तोटा २४ कोटी ५० लाख.

"पण आपण भरलेल्या पैशांतला काही भाग जॅकपॉटमध्ये जाईल ना?" जाईल. साधारण एक-तृतीयांश. पण त्या वाढलेल्या रकमेचाही चौथा हिस्साच तुमचा. तोटा वीस कोटींच्या जरा खाली येईल, एवढंच.

एका मशीनने सेकंदाला एक संच काढला तर हे काम संपायला नऊ वर्षांहून अधिक लागतील, हा मुद्दा मी मोठ्या मनाने सोडून दिला.

कर मात्र सोडणार नाही, माझा धंदाच आहे. अमेरिकेत जिंकलेल्या रकमेतून हरलेल्या तिकिटांचा खर्च वजा करता येतो, पण २०२५ च्या कायद्याने २०२६ पासून ही वजावट ९० टक्क्यांवर आणली. म्हणजे ५८ कोटी ४४ लाख घालून तेवढेच परत आले, एक पैशाचा नफा नाही, तरी ५ कोटी ८४ लाख उत्पन्न धरलं जाणार आणि ३७ टक्क्यांच्या दराने त्यावर २ कोटी १६ लाख कर. न झालेल्या नफ्यावर!

असो. इतकं झाल्यावर एक उदाहरण प्रामाणिकपणे पुतण्याच्या पारड्यात टाकायला हवं. अमेरिकेतलं टेक्सास राज्य, एप्रिल २०२३. ५४ आकड्यांतून ६, म्हणजे २,५८,२७,१६५ संच, एका डॉलरला एक. जॅकपॉट ९ कोटी ५० लाख, एकरकमी ५ कोटी ७८ लाख. एका गटाने मोजक्या ठिकाणी जादा मशीनं लावून घेतली आणि सोडतीआधीच्या काही दिवसांत जवळजवळ सगळे संच छापून काढले. दुसरा विजेता निघाला नाही. हा व्यवहार मला मनापासून नीटनेटका वाटतो: एकरकमी रक्कम खर्चाच्या दुपटीहून जास्त, आणि एक वाटेकरी निघाला असता तरी २ कोटी ८९ लाख, खर्चाच्या वरच. दोन निघाले असते तर बुडाले असते. पुढे इतका गदारोळ झाला की २०२५ मध्ये टेक्सासने लॉटरी कमिशनच बरखास्त करून कारभार दुसऱ्या खात्याकडे दिला.

लॉटरीवाल्यांचं ठरलेलं उत्तर याहून साधं असतं: आकडे वाढवा. आयर्लंडने ३६ चे ३९ केले, मग ४२, आणि संच साडेएकोणीस लाखांवरून ५२,४५,७८६ झाले. पॉवरबॉलने २०१५ मध्ये साडेसतरा कोटींवरून थेट एकोणतीस कोटींच्या पुढे उडी मारली.

खरं डोकं मला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कॅश विनफॉल नावाच्या लॉटरीत खेळणाऱ्यांचं वाटतं. तिथे जॅकपॉट २० लाखांवर जाऊन कुणालाच लागला नाही, तर ती रक्कम खालच्या बक्षिसांत वाटली जायची. अशा सोडतीत दोन डॉलरच्या तिकिटाची सरासरी किंमत दोन डॉलरच्या वर जात असे. एमआयटीतल्या विद्यार्थ्यांचा एक गट आणि मिशिगनमधलं एक निवृत्त जोडपं वर्षानुवर्षं तेवढ्याच सोडती गाठत राहिले. ९३,६६,८१९ संचांपैकी सगळे घेण्याची त्यांना कधी गरजच पडली नाही. काही लाख तिकिटं घेतली की चिल्लर बक्षिसांची सरासरी आपोआप हाताला लागायची, आणि जॅकपॉट कुणालाही न लागण्यातच त्यांचा फायदा होता.

तेव्हा असा प्रस्ताव घेऊन कुणी माझ्याकडे आलंच, तर जॅकपॉट केवढा हे मी सगळ्यात शेवटी विचारीन. आधी मशीनं किती आणि ती बंद करण्याचा अधिकार कुणाला, मागच्या सोडतीला किती तिकिटं खपली, रक्कम एकरकमी की हप्त्यांनी, आणि खालच्या बक्षिसांतून खर्चाचा किती भाग निघतो. पुतण्याला हे सगळं सांगितलं. तो सध्या शेवटच्या प्रश्नावर काम करतोय.