सतरंजीवरची जागा : आमची वाटचाल

आमच्या हॉलच्या दारामागे खुंटीवर एक सतरंजी टांगलेली आहे. मूळची निळ्या-लाल पट्ट्यांची. आता निळा पार उडालाय आणि लालाचा फिका गुलाबी झालाय. नवीन येणारे विचारतात, ही जुनी का ठेवलीय? ती जुनी नाही. तिचा रंग एका दिवसात गेला, आणि तो का गेला हे सांगितल्याशिवाय कुत्र्यांसोबतच्या योगवर्गाच्या आमच्या व्यवसायाबद्दल काही सांगण्यात अर्थ नाही. पण आधी सुरुवात सांगते.

मी बडोद्यात दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढले. माझे आजोबा तिथल्या माणिकरावांच्या आखाड्यात, म्हणजे जुम्मादादा व्यायाम मंदिरात जाणारे. स्वामी कुवलयानंद लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगसंस्था काढण्याच्या कितीतरी आधी इथेच माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले, ही गोष्ट आमच्या घरी जेवताना सांगितली जायची. त्यामुळे मी योगशिक्षिका झाले याचं कुणाला नवल वाटलं नाही. पण कुत्र्यांना सोबत घेऊन वर्ग चालवणार म्हटल्यावर एका काकांनी भर पंगतीत मला सुनावलं, "१९०८ साली योगी विष्णू भास्कर लेल्यांनी अरविंद घोषांना सरदार मजुमदारांच्या वाड्यात तीन दिवस ध्यानाला बसवलं. त्या गावात तू कुत्री बसवणार?"

मला उत्तर सुचलं नाही. उत्तर दिलं ते माझ्या भागीदाराने, हवालदारकाकांनी. ते शांतपणे म्हणाले, "दत्ताच्या तसबिरीत पायाशी कोण बसलंय, ते घरी जाऊन बघा."

हवालदारकाका पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झाले होते. आमची ओळख कमाटीबागेतली. २०१६ च्या पावसाळ्यात मी आमच्या गल्लीतला बंड्या घरी आणला होता आणि रोज सकाळी त्याला बागेत न्यायचे. एकदा बाकाजवळ मी अधोमुख श्वानासन करत होते तर काका थांबले आणि म्हणाले, "ताई, तुमचा कुत्रा तुमच्यापेक्षा बरं करतोय." मी बघितलं. बंड्याने आधी माकडहाड वर नेलं, मग पुढचे पाय लांब सारले, पंजाची बोटं फाकवली, आणि कोपरं जमिनीला टेकवली. कोपरं! आपण श्वानासनात कोपरं टेकवत नाही. कुत्रा करतो ते आपल्या उत्तान शिशोसनाच्या जास्त जवळचं आहे. इतकी वर्षं शिकवूनही हे मी कधी पाहिलं नव्हतं. काकांनी हजारदा पाहिलं होतं, पण त्याला आपल्याकडे आसन म्हणतात हे त्यांना माहीत नव्हतं. तिथेच आमची भागीदारी झाली. कागदावर काही लिहिलं नाही. (तुम्ही लिहा. सगळे काका आमच्या काकांसारखे नसतात.)

काकांनी मला कुत्र्याचा नकार वाचायला शिकवला. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, खायला काही नसताना चाटलेले ओठ, वळवलेली मान, डोळ्याच्या कडेला दिसणारा पांढरा भाग. यातलं काहीही दिसलं की त्या कुत्र्यापुरता वर्ग संपला, मग मालकाची फी भरलेली असो नाहीतर नसो. काका कोपऱ्यात लाकडी स्टुलावर वही घेऊन बसायचे आणि कुणाच्या कुत्र्याने किती जांभया दिल्या ते लिहायचे. त्या वह्या माझ्याकडे आहेत. त्यांचे नियम दोनच होते: पट्टा सैल आणि दार उघडं. कुत्र्याला सतरंजीवर जागा द्यायची, तिथे बसवायचं नाही. त्याला यायचं तर येईल, उठून जायचं तर जाईल. आसनं माणसानेच करायची.

बाहेर याला डोगा म्हणतात. अमेरिकेत सूझी टाइटलमन या बाईंनी २००२ च्या सुमारास ते रुजवलं. मी हा शब्द पाटीवर कधी लिहिला नाही. आमच्या पाटीवर 'श्वानासह योग' असं आहे आणि त्यातला 'सह' मोठ्या अक्षरात रंगवून घेतलाय. पुढचे पाय धरून कुत्र्याला उभं करायचं, छातीवर उचलून घ्यायचं, हे आमच्याकडे चालत नाही. डॅक्सहुंडची पाठ आणि लॅब्रडॉरचा खुबा यांना तसलं काही झेपत नाही. पग आणि बुलडॉग तर उन्हाळ्यात मी घेतच नाही. कुत्रा घामाने नाही, धापेने थंड होतो आणि चपट्या नाकातून धाप पुरत नाही. बडोद्यात मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, म्हणून तेव्हा बॅच पावणेसहाला सुरू होते आणि पावणेसातला संपते.

आता सतरंजी. बाजारातल्या योगा मॅट आम्ही सहा महिने वापरल्या. फोमची मॅट नखाने फाटते, फाटली की कुत्रा तुकडे चावतो, आणि तो तुकडा आतड्यात अडकला की ऑपरेशनच. म्हणून जाड सुती सतरंजी. नेहमीची मॅट दोन फूट रुंद असते, आमची चार फूट, म्हणजे जोडीदाराला जागा राहते. खाली घसरू नये म्हणून जाळीचं रबर. सतरंजीच्या दोन्ही टोकांच्या दशा कापून दुहेरी गोठ मारून घ्यावी लागते, नाहीतर पहिल्याच दिवशी त्या दाताखाली जातात. गोठ मारायला आमच्या शिवणाऱ्या बाई नायलॉनचा दोरा वापरत नाहीत, सुतीच वापरतात, कारण सुती दोरा पोटात गेला तरी कापत नाही असं त्यांचं म्हणणं. ते खरं की खोटं, मी वाद घालत नाही, शिलाई उत्तम असते. निळ्या-लाल पट्ट्यांचा नमुना आमचाच. हळूहळू लोक घरी वापरायलाही विकत नेऊ लागले आणि वर्गाइतकाच धंदा सतरंज्यांचा झाला. २०१८, २०१९ ही वर्षं चांगली गेली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. टाळेबंदी सगळ्यांनी भोगली, आम्हीही भोगली. २०२१ च्या एप्रिलमध्ये काका गेले. स्टूल अजून कोपऱ्यात आहे, त्यावर कुणी बसत नाही.

२०२३ च्या दिवाळीनंतर एक जोडपं वर्गात यायला लागलं. त्यांचा कुत्रा नव्हता, "शिकायचंय" म्हणाले. दोन महिने आले. दोघंही हसतमुख, वर्ग संपल्यावर सतरंज्या गुंडाळायला मदत करायचे. जानेवारीत त्यांनी बारा सतरंज्या मागितल्या, नातेवाइकांना भेट द्यायच्या आहेत म्हणून. मी उधारीवर दिल्या. फेब्रुवारीत शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा स्टुडिओ उघडला. काचेचा हॉल, एसी, कॉफी, आणि जमिनीवर माझ्या बारा सतरंज्या. नाव त्यांचं मी लिहिणार नाही. पैसे आजतागायत आलेले नाहीत.

उघडा ना स्टुडिओ, कुणी अडवलंय? पण त्यांनी आणली पिल्लं. ब्रीडरकडून तासाच्या हिशेबाने आणलेली, पाच-सहा आठवड्यांची. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही असा २०१७ चा केंद्राचा नियम आहे. हे विकत नव्हते, भाड्याने आणत होते. एका बॅचला वीस माणसं आणि आठ पिल्लं, रविवारी अशा तीन बॅचेस. त्या वयाचं पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतं. त्याला झोपेतून उठवून पाठीवर ठेवायचं, पोटावर ठेवायचं, फोटो काढायचे, मग पुढच्या माणसाकडे. आणि लसीचं काय? पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गाची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती आड येते म्हणून सोळा आठवड्यांपर्यंत ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. ही पिल्लं त्या आधीची.

मार्च संपेपर्यंत आमच्या सकाळच्या बॅचमध्ये एकतीस जण होते तिथे नऊ उरले. मला म्हणायचे, "ताई, तिकडे किती गोड वाटतं, इकडे कुत्री नुसती झोपलेली असतात." झोपलेली असतात म्हणजे वर्ग नीट चाललाय, हे मी किती जणांना सांगितलं असेन!

एप्रिलमध्ये पिल्लं आजारी पडली. पार्व्हो ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि एकदा आला की विसरता येत नाही असा वास. तीन पिल्लं गेली असं मला कळलं. त्यातल्या एकाचा फोटो कुणीतरी शहरातल्या ग्रुपवर टाकला. पिल्लू आडवं पडलेलं आणि खाली निळ्या-लाल पट्ट्या. पुढे काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. तो फोटो बघून अख्ख्या बडोद्याने मला ओळखलं. दोन दिवसांत फोनवर फोन. "तुमच्याकडे कुत्री मरतात का?" "तुम्ही लस न दिलेली पिल्लं आणता का?" मी बिलं दाखवायचं म्हटलं तर बिलं कुठे होती? उधारीवर, तोंडी दिलेल्या होत्या. ज्यांच्याकडून खुलासा यायला हवा होता त्यांनी माझा फोन घेतला नाही, आणि मे महिन्यात स्टुडिओ बंद करून ते मोकळे झाले. माफी सोडाच, 'त्या सतरंज्या आम्ही विकत घेतल्या होत्या' एवढं एक वाक्य त्यांनी लिहिलं असतं तर पुरे होतं. ते लिहिलं नाही हे मी अजून विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

आमच्याकडचा एकही कुत्रा आजारी पडला नव्हता. पण आमच्या दोन जणांनी तिकडेही हजेरी लावली होती, आणि पार्व्होचा विषाणू बुटाच्या तळव्यालासुद्धा चिकटून येतो, महिनोन्महिने टिकतो. साध्या साबणाने, फिनाईलने तो मरत नाही. फिनाईल तसंही कुत्र्यांच्या जागी वापरू नका, त्यांच्या पंजांना आणि पोटाला ते वाईट. विषाणू ब्लीचने मरतो. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, दहा मिनिटं, आणि त्याआधी घाण पूर्ण धुऊन काढायची, नाहीतर ब्लीच घाणीतच खर्च होतं. मी सहा आठवडे वर्ग बंद ठेवला. लादी घासली, स्टुलाचे पाय पुसले, आणि सेहेचाळीस सतरंज्या गच्चीवर नेऊन टबात बुडवल्या. सुती कापड आणि ब्लीच! पहिल्या पाच मिनिटांत पाणी निळं झालं, मग जांभळट, मग गच्चीच्या पन्हाळीतून खाली अंगणात रंगाचा ओघळ गेला. खालच्या बिऱ्हाडातली लहान मुलगी धावत वर आली, म्हणाली, "मावशी, होळी झाली ना?" मी तिला काही बोलले नाही. संध्याकाळी दोऱ्यांवर सेहेचाळीस फिक्या सतरंज्या वाळत होत्या आणि एकीवरही आमचा नमुना ओळखू येत नव्हता.

वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा पहिल्या सकाळी एकच जोडी आली. बाबाजीपुऱ्याच्या आजी आणि त्यांचा स्पिट्झ, सोन्या. आजी पहिल्या वर्षापासूनच्या. खुर्चीवर बसून आसनं करतात, सोन्या खुर्चीखाली असतो. त्या दिवशी त्यांनी पिशवीतून सोन्याची लसीची पुस्तिका काढली, मी न मागता टेबलावर उघडून ठेवली आणि म्हणाल्या, "आधी हे बघ. मग तुझं दाखव." मी बंड्याची दाखवली. मग त्यांनीच वाड्यावाड्यांत फिरून सांगितलं की तिथे पुस्तिका बघितल्याशिवाय आत सोडत नाहीत. आजही सोडत नाही. दर वर्षीची लस, जंताचं औषध, तारीख, शिक्का. पुस्तिका विसरलात तर परत जा, राग मानू नका.

त्याच वर्षी इटलीच्या आरोग्य मंत्रालयाने योगवर्गांत पिल्लं आणायला बंदी घातली, मोठीच कुत्री आणा म्हणून सांगितलं. ते वाचलं तेव्हा मी काकांच्या स्टुलाकडे बघून मोठ्याने वाचून दाखवलं. हॉलमध्ये कुणी नव्हतं.

मग ऑगस्ट. विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, हॉलमध्ये कमरेएवढं पाणी. फिक्या सतरंज्या सगळ्या चिखलात गेल्या. एक वाचली, कारण ती सोन्यासाठी आजींनी घरी नेली होती. तीच खुंटीवर आहे. पुराचं पुन्हा कधीतरी लिहीन.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना थोडं सांगते. वर्गात कापूर, धूप, टी ट्री तेल काही लावू नका. आपल्याला प्रसन्न वाटतं, पण कुत्र्याच्या नाकाला तो मारा असतो आणि टी ट्री तेल चाटलं तर विषच. जेवण आणि वर्ग यांत तीन तास ठेवायला सांगा, खोल छातीच्या जातींना तर नक्कीच. भरल्या पोटी उड्या मारल्या तर पोट फुगून पीळ पडू शकतो, आणि मग वेळ फार थोडा असतो. एका योगदिनाला, २१ जूनला, कुणीतरी प्रेमाने बेदाणे घातलेला शिरा वाटला होता. मी दारातच अडवला. बेदाण्याने कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. बक्षीस द्यायचं तर उकडलेल्या लाल भोपळ्याचे तुकडे द्या. नखं दर तीन आठवड्यांनी कापा. हठयोगप्रदीपिकेतल्या पंधरा आसनांत श्वानासन नाही, असं सांगून कुणी हिणवलं तर वाद घालू नका, ते खरंच नाही. आणि सतरंजी उधार देऊ नका.

आता सकाळी चोवीस जोड्या असतात. नवा नमुना हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचा आहे आणि प्रत्येक सतरंजीच्या कोपऱ्यात आमचं नाव विणून घेतलंय. सोन्या तेरा वर्षांचा झालाय. आजी खुंटीवरची सतरंजी स्वतः काढतात, खुर्चीखाली पसरतात, तो ती एकदा हुंगतो आणि बहुतेक वेळा उठून उघड्या दाराशी उंबऱ्यावर जाऊन झोपतो. मी आजींना म्हटलं, सोन्या आता काही करत नाही, अर्धीच फी द्या. त्या माझ्यावर रागावल्या आणि पुढच्या तीन महिन्यांची आगाऊ देऊन गेल्या.