आज खुर्ची बघून आले
कोपनहेगनला येऊन दोन वर्षं झाली आणि आज कुठे डिझाइन म्युझियमला जायला जमलं, आणि तिथे डॅनिश फर्निचर डिझायनर हान्स वेग्नरची १९४९ ची 'राउंड चेअर' समोर दिसली... खरंच सांगते, पाय निघेना तिथनं. फोटोत साधीच वाटते हो, पण पाठ आणि हात एकाच ओघात वळत जातात आणि जिथे लाकडाचे तुकडे जोडलेत तिथे बोटांत बोटं गुंफल्यासारखा सांधा. सुरुवातीला तो वेत गुंडाळून झाकलेला असायचा, मग वेग्नरने उघडाच ठेवला, मला तर तोच भाग सगळ्यात सुंदर वाटला!

वेग्नर म्हणजे बूट शिवणाऱ्याचा मुलगा, कोवळ्या वयात सुतारकाम शिकला आणि पुढे ५०० च्या वर खुर्च्या डिझाइन केल्या. १९६० च्या अमेरिकन अध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या टीव्ही डिबेटला केनेडी आणि निक्सनसाठी हीच खुर्ची ठेवली होती, अमेरिकेत हिला नुसतं 'द चेअर' म्हणतात.

आमचे आजोबा रंधा मारून झाला की डोळे मिटून लाकडावरनं हात फिरवायचे, कुठे खडबडीत लागतंय का बघायला. इथे हात लावायला मनाई, पण माझा हात सारखा पुढे जात होता.