तुम्ही विचारलंत म्हणून : राष्ट्राध्यक्षांनी दिलेली सवलत काँग्रेस काढून घेऊ शकते का?

एच-४ व्हिसावर (एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या जोडीदारांचा व्हिसा), ईएडी म्हणजे कामाचं परमिट हातात घेऊन नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींचा हा प्रश्न ठरलेला असतो. बातमी येते की अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, राष्ट्राध्यक्षांचे इमिग्रेशनचे अधिकार कमी करणारं विधेयक आलंय. लगेच विचारणा होते, "आता आमचं परमिट जाणार का?"

बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच असतं. ते का, हे समजायला जगदीश राय चढ्ढा यांचा खटला बघावा लागतो. चढ्ढा केनियात जन्मलेले, आईवडील भारतीय, पासपोर्ट ब्रिटिश. १९६६मध्ये ते विद्यार्थी म्हणून अमेरिकेत आले आणि १९७२मध्ये व्हिसाची मुदत संपली. तेव्हाच्या कायद्यात सोय अशी होती की सात वर्षं सलग मुक्काम, चांगली वर्तणूक आणि परत पाठवल्यास अतोनात हाल, एवढं दाखवता आलं तर अ‍ॅटर्नी जनरलला (सरकारच्या कायदाप्रमुखाला) हद्दपारी थांबवता येई. २५ जून १९७४ रोजी इमिग्रेशन न्यायाधीशांनी चढ्ढा यांची हद्दपारी थांबवली. पण त्याच कायद्यात एक पाचर होती. अशा प्रत्येक प्रकरणाची माहिती काँग्रेसला कळवायची, आणि दोनपैकी कोणत्याही एका सभागृहाने नकाराचा ठराव केला की सवलत रद्द.

डिसेंबर १९७५मध्ये हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात, तसा ठराव आला. ३४० प्रकरणांपैकी सहा नावं नाकारायची होती, त्यांत चढ्ढा होते. ठराव छापलेला नव्हता, मतदानाआधी सदस्यांच्या हातातही पडला नव्हता. चर्चा नाही, मतांची नोंद नाही. १६ डिसेंबरला तो मंजूर झाला. कसलीही सुनावणी न होता माणसाचं आयुष्य एका आवाजी मतदानात उलटंपालटं झालं. ही पद्धत चुकीची होती असं मला मनापासून वाटतं.

२३ जून १९८३ रोजी सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी ही एका सभागृहाची नकारशक्ती घटनाबाह्य ठरवली. कोर्टाचं म्हणणं असं की कोणाचे हक्क बदलायचे असतील तर कायदाच करा : दोन्ही सभागृहांची मंजुरी घ्या आणि मग राष्ट्राध्यक्षांकडे सहीला पाठवा.

खरी अडचण इथूनच सुरू होते. राष्ट्राध्यक्षांचा अधिकार कापणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांचीच सही लागते. त्यांनी नाकारला तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत, म्हणजे सगळे हजर असतील तर हाउसमध्ये २९० आणि सिनेटमध्ये ६७. त्याच्याही आधी सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदानापर्यंत पोहोचायलाच ६० मतं लागतात. २०११मध्ये लमार स्मिथ आणि डेव्हिड व्हिटर यांनी आणलेल्या 'हॉल्ट' विधेयकात पॅरोल (व्हिसा नसताना तात्पुरता प्रवेश), तात्पुरतं संरक्षण, कारवाई लांबणीवर टाकणं असे बरेचसे अधिकार २१ जानेवारी २०१३पर्यंत गोठवायचे होते. तारीख बघितलीत? ओबामांची पहिली कारकीर्द आदल्याच दिवशी संपत होती. विधेयक पदापेक्षा माणसावरच रोखलेलं होतं, आणि ते हाउसमध्येही पार पडलं नाही.

मग लोक म्हणतात, पैसा अडवा. तोही प्रयोग झाला. नोव्हेंबर २०१४मध्ये ओबामांनी लाखो पालकांना हद्दपारीपासून संरक्षण देणारी योजना जाहीर केली. १४ जानेवारी २०१५ रोजी हाउसने होमलँड सिक्युरिटी या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या खर्चाच्या विधेयकातच या योजनेला पैसा वापरायची बंदी घातली. पण अर्ज तपासणारं यूएससीआयएस हे खातं मुख्यतः अर्जदारांच्या फीवर चालतं. त्या काळी डाकाच्या (लहानपणी अमेरिकेत आलेल्यांना हद्दपारीपासून संरक्षण देणाऱ्या आधीच्या योजनेच्या) अर्जाला वर्क परमिट धरून ४६५ डॉलर पडत. त्यामुळे नुसती तरतूद रोखली तर याच खात्यातल्या तटरक्षक दलाचे पगार अडकतात, अर्जांचं काम मात्र चालूच राहतं. हे ओळखूनच बंदीत फीचे पैसेही घातले होते. तरी सिनेटमध्ये ६० मतं पुन्हा पुन्हा कमी पडली, आणि ३ मार्चला हाउसने बंदीविना विधेयक २५७ विरुद्ध १६७ मतांनी मंजूर केलं. योजना तोवर थांबली होती, पण ती टेक्सासमधल्या एका फेडरल न्यायाधीशाच्या आदेशाने.

टिकणारी मर्यादा मूळ कलमातच लिहिलेली असते. १९९६च्या कायद्याने चढ्ढांना मिळालेली ती सोयच बदलली. ग्रीन कार्ड नसलेल्यांसाठी सातऐवजी दहा वर्षांचा मुक्काम, हाल स्वतःचे चालत नाहीत, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदार, आईवडील वा मुलांचे हवेत, तेही अगदी असाधारण, आणि वर्षाला ४,००० जणांची मर्यादा. पॅरोलच्या कलमात 'प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासून' हे शब्द त्याच वर्षी आले. आजचे पॅरोलचे खटले याच शब्दांवर लढले जातात.

२९ जानेवारी २०२५ रोजी सही झालेल्या लेकन रायली कायद्याने आणखी एक वाट काढली. पॅरोल प्रकरणनिहाय दिला नाही आणि राज्याचं १०० डॉलरहून जास्त नुकसान झालं, तर राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलला फेडरल कोर्टात जाता येतं. सही करणाऱ्या राष्ट्राध्यक्षांना स्वतःलाच पॅरोल कमी करायचा होता, म्हणून हा कायदा झाला. बंधन मात्र पुढच्या राष्ट्राध्यक्षांनाही लागू राहील.

तेव्हा विधेयकाची बातमी आली की मथळा सोडा आणि कोणत्या कलमातला कोणता शब्द बदलतोय ते बघा. एच-४ ईएडीच्या बाबतीत १९८६चं कलम महत्त्वाचं. कामाची परवानगी इमिग्रेशन कायद्याने 'किंवा अ‍ॅटर्नी जनरलने' दिलेली असावी, असं त्यात म्हटलंय. आता तो अधिकार होमलँड सिक्युरिटीकडे आहे. एच-४वाल्यांना परमिट देणारा २०१५चा नियम कोर्टात बचावताना सरकारने याच शब्दांचा आधार घेतला. ते खोडणारं विधेयक आलं, तर मात्र जरूर काळजी करा.

पण हे परमिट काढायला काँग्रेसची गरजच नाही, हेही लक्षात ठेवा. नियम प्रशासनाने केला, प्रशासनच तो मागे घेऊ शकतं : फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात मसुदा, हरकतींसाठी साधारण ३० ते ६० दिवस, मग अंतिम नियम. २०१७मध्ये तशी सुरुवात झाली होती. मसुदा व्हाइट हाउसच्या तपासणीपर्यंत गेला आणि जानेवारी २०२१मध्ये मागे घेतला गेला. हरकतींची मुदत उघडली तर त्या दिवसांत स्वतःच्या शब्दांत, नोकरी, कर आणि घरकर्जाच्या आकड्यांसकट हरकत नोंदवा. अंतिम नियम काढताना महत्त्वाच्या मुद्द्यांना उत्तर देणं प्रशासनाला बंधनकारक असतं, आणि ते टाळलं तर कोर्टात नियम पाडायला तेवढं कारण पुरतं.