थेंबाचा बंदोबस्त : जोसेफ पॅक्स्टन नावाचा माळी

थंडीत पहाटे सहाच्या सुमारास कुठल्याही पॉलिहाऊसमध्ये शिरून मान वर करा. छताच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब ओळीने लटकलेले असतात. आतली हवा ओली आणि उबदार, बाहेरून छत गार, त्यामुळे बाष्प तिथेच धरतं. उतार पुरेसा असेल तर थेंब छताला चिकटून खाली पन्हळीकडे सरकतो. नसेल तर टपकतो, नेमका फुलावर, आणि दोन दिवसांत पाकळ्यांवर तपकिरी डाग दिसायला लागतात. बुरशीला तेवढा ओलावा पुरतो.

या थेंबाने कुठे जायचं, यावर इंग्लंडमधल्या एका माळ्याने जवळजवळ वीस वर्षं डोकं चालवलं. त्यातूनच १८५१ चा क्रिस्टल पॅलेस, म्हणजे लंडनच्या महाप्रदर्शनासाठी बांधलेली लोखंड-काचेची प्रचंड इमारत, उभा राहिला. वास्तुकलेच्या पुस्तकांत जोसेफ पॅक्स्टनचं नाव लोखंड-काचेच्या युगाचा अग्रदूत वगैरे म्हणून येतं. ते खोटं नाही, पण उलट्या टोकाने सांगितलेलं आहे. त्याच्या प्रत्येक युक्तीच्या मुळाशी कुठलं तरी झाड आणि त्या झाडाची तक्रार सापडते.

पॅक्स्टनचा जन्म १८०३ चा, बेडफर्डशरमधल्या शेतकरी घरातला. अभियांत्रिकीचं शिक्षण शून्य. लंडनजवळ चिझिकला हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती, तिथे तो कामाला होता. बागेची जमीन डेव्हनशरच्या सहाव्या ड्यूककडून भाड्याने घेतलेली. त्यामुळे ड्यूकचं तिथे येणंजाणं असे, आणि हा पोरगा त्याच्या नजरेत भरला. १८२६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थ या ड्यूकच्या वाड्याच्या प्रचंड बागेचा तो मुख्य माळी झाला. ड्यूकला झाडांचं वेड पुढे पॅक्स्टननेच लावलं, आणि खर्चाला मालकाने कधी हात आखडता घेतला नाही. असा मालक किती माळ्यांना मिळतो!

सुरुवात काचघरांच्या छतापासून झाली. त्या काळी काचघराचं छत म्हणजे एकच सरळ उतार असे. इंग्लंडमधला हिवाळ्यातला सूर्य सकाळ-संध्याकाळ इतका खाली असतो की तिरप्या किरणांचा मोठा भाग काचेवरून परावर्तित होऊन वाया जातो. दुपारी मात्र ऊन थेट येऊन पानं करपवतं. पॅक्स्टनने छताला घड्या घातल्या. आढं, पन्हळ, पुन्हा आढं, पुन्हा पन्हळ, अशा छोट्या छोट्या दुपाखी छपरांची रांग. एक पाखं पूर्वेकडे, दुसरं पश्चिमेकडे. सकाळचं ऊन पूर्वेच्या काचेवर जवळजवळ काटकोनात पडतं आणि पूर्ण आत येतं, संध्याकाळचं पश्चिमेच्या काचेवर. दुपारचं दोन्ही पाखांवर तिरपं पडतं, म्हणून त्याचा दाह कमी होतो. कल्पना मुळात जॉन क्लॉडियस लाउडन या बागकामावरच्या लेखकाची. तिच्यातले दोष काढून ती वापरात आणली पॅक्स्टनने, १८३० च्या दशकात.

लाउडनचा ओढा लोखंडी चौकटीकडे होता, पॅक्स्टनचा लाकडाकडे. लोखंड उन्हात फुगतं, थंडीत आकसतं आणि काच तडकवतं. शिवाय ते चटकन गार होत असल्यामुळे आतलं बाष्प आधी त्याच्यावरच धरतं, आणि गंजाचं पाणी पानांवर पडतं ते वेगळंच. लाकूड स्वस्त होतं. अडचण एकच, काचा धरणाऱ्या हजारो बारीक पट्ट्या हाताने रंधून काढायच्या. त्यासाठी त्याने वाफेवर चालणारं यंत्र बसवलं. या यंत्रातून पट्टी दोन्ही अंगांना खाच पडूनच बाहेर येई. काच खाचेत सरकवायची, म्हणजे पुट्टीही कमी लागते. या यंत्राला १८४१ मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सचं पदक मिळालं.

यंत्राची खरी गरज पडली ती 'ग्रेट स्टोव्ह'साठी. हे उष्ण प्रदेशातल्या झाडांचं काचघर. काम सुरू झालं १८३६ मध्ये, जोडीला डेसिमस बर्टन हा वास्तुकार. लांबी २२७ फूट, रुंदी १२३, उंची ६७. मधल्या रस्त्यावरून घोडागाडी जाऊ शकत असे, आणि १८४३ मध्ये व्हिक्टोरिया राणी खरोखरच गाडीतून आत फिरली. पण यातली पाहण्यासारखी गोष्ट काचेच्या मापात आहे. चान्स ब्रदर्स हा कारखाना तेव्हा तीन फुटी काच करत असे. पॅक्स्टन चार फुटांवर अडून बसला. कारण एका उतारावर दोन काचा एकमेकींवर चढवल्या की त्यांच्या सांध्यात पाणी आणि धूळ अडकते, शेवाळ धरतं, उजेड कमी होतो, आणि थंडीत त्या पाण्याचा बर्फ होऊन काच फुटते. आढ्यापासून पन्हळीपर्यंत एकच अखंड काच गेली तर सांधाच उरत नाही. कारखान्याने शेवटी चार फुटी काच करून दिली.

उष्णतेसाठी जमिनीखाली आठ बॉयलर आणि सुमारे सात मैल नळ. कोळसा भुयारातून रुळांवरून येई आणि धूर लांब नेऊन सोडला जाई. भुयाराचं कारण फक्त देखणेपण नव्हे. काजळी काचेवर बसली की एवढा खटाटोप करून मिळवलेला उजेड गेला.

आता कमळाकडे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं महाकाय कमळ, आजचं नाव व्हिक्टोरिया ॲमेझॉनिका. त्याचं बी इंग्लंडला जिवंत पोहोचवताना वर्षानुवर्षं अपयश येत होतं. पाणवनस्पतीचं हे बी वाळलं की मरतं, आणि चिखलात घालून पाठवलं तर वाटेत कुजतं. १८४९ मध्ये स्वच्छ पाण्याच्या कुप्यांत आलेलं बी लंडनजवळच्या क्यू इथल्या वनस्पतिबागेत रुजलं. त्यातलं एक रोप पॅक्स्टनने ऑगस्टमध्ये चॅट्सवर्थला नेलं, पानं अवघी काही इंचांची. बारा फूट चौरस हौद, ३० अंश सेल्सियसच्या आसपासचं पाणी, आणि हौदात एक छोटं चाक, पाणी सतत हलतं ठेवायला. नदीतलं झाड साचलेल्या पाण्यात ठेवायचं नाही, एवढाच विचार. तीन महिन्यांत पानं चार फुटांच्या पुढे गेली, हौद अपुरा पडला, आणि नोव्हेंबरमध्ये फूल आलं. इंग्लंडमधलं पहिलं.

हे कमळ आपल्याकडे लावायचं तर पॅक्स्टनचे नियम अजूनही तेच आहेत. बी मिळाल्यापासून पाण्यातच ठेवा. पेरताना त्याच्या टोकाची टोपी सुईने अलगद उचला किंवा कवच किंचित खरवडा. ३० ते ३२ अंशांच्या पाण्यात दोन-तीन आठवड्यांत कोंब येतो. पहिली पानं सुतळीसारखी आणि भाल्याच्या पात्यासारखी असतात, गोल पान नंतर येतं. त्यामुळे "हे दुसरंच काही उगवलं" म्हणून उपटू नका. माती जड पोयट्याची हवी. कोकोपीट किंवा पालापाचोळ्याचं खत घातलं की ते तरंगतं आणि पाणी काळं होतं. कच्चं शेण तर नकोच, ते पाण्यात आंबतं आणि मुळं कुजतात. हाडांचा चुरा मातीच्या गोळ्यात गुंडाळून महिन्यातून दोनदा मुळांपाशी दाबा. गड्डा चिखलात पूर्ण गाडला तर शेंडा सडतो, तो मातीच्या वर दिसलाच पाहिजे. कुंडी बदलताना मुळांभोवतीची माती फुटू देऊ नका, यात सर्वात जास्त रोपं जातात. शेवटच्या जागी पाणी दोन ते तीन फूट खोल, आणि एका झाडाला किमान वीस फूट व्यास मोकळा. विदर्भ-मराठवाड्याच्या थंडीत झाड थबकतं. तिथे व्हिक्टोरिया क्रुझिआना ही थोडा गारठा सोसणारी जात घ्यावी. पानाच्या खालच्या बाजूला आणि देठांना काटे असतात, जाड हातमोज्यांशिवाय हात घालू नये.

बी धरायचं असेल तर संध्याकाळी जागं राहावं लागतं. पहिल्या रात्री फूल पांढरं, सुवासिक आणि हाताला कोमट लागतं. तेव्हा ते मादी अवस्थेत असतं. मायदेशी भुंगेरे वासाने आत शिरतात, सकाळी पाकळ्या मिटतात आणि ते अडकतात. दुसऱ्या संध्याकाळी तेच फूल गुलाबी होऊन उघडतं, आता पराग सुटलेले. म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या फुलातले पराग कुंचल्याने पहिल्या दिवसाच्या फुलात न्यायचे. एका झाडावर बहुधा एका वेळी एकच फूल उमलतं, म्हणून दोन झाडं असलेली बरी.

या पानावर पॅक्स्टनने आपल्या सात वर्षांच्या मुलीला, ॲनीला, उभं केलं. पान वजन पेलतं ते खालच्या शिरांमुळे. देठापासून कडेकडे जाड शिरा पसरतात, त्यांना आडव्या पातळ शिरा बांधून ठेवतात, आणि आत हवेच्या पोकळ्या. पण वजन पसरून द्यावं लागतं. पायाखाली फळी किंवा ताट नसेल तर टाच सरळ पाण्यात.

इथेच ती प्रसिद्ध दंतकथा सुरू होते, की पानाच्या शिरा पाहून क्रिस्टल पॅलेस सुचला. नोव्हेंबर १८५० मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्ससमोर पान दाखवून हा धागा खुद्द पॅक्स्टननेच जोडला होता, म्हणून ती टिकली. पण तारखा जुळवून पाहा. घडीचं छत कमळाच्या पंधरा वर्षं आधीचं. कमळाने दिलं ते निमित्त. झाड वाढल्यावर १८५० मध्ये त्याच्यासाठी ३३ फूट व्यासाच्या हौदाचं नवं घर बांधलं, आणि त्यात घडीचं छत पहिल्यांदा इतकं सपाट पसरलं. क्रिस्टल पॅलेस त्या कमळघराचा थेट वाढवलेला नमुना आहे, पानाचा नाही.

लंडनच्या महाप्रदर्शनाच्या समितीकडे २४५ आराखडे आले होते आणि तिला एकही पटला नव्हता. ११ जून १८५० ला डर्बीत रेल्वेच्या एका बैठकीत बसल्या बसल्या पॅक्स्टनने टीपकागदावर रेखाटन काढलं. १ मे १८५१ ला इमारत लोकांसाठी खुली झाली. लांबी १,८४८ फूट, सुमारे २ लाख ९३ हजार काचा, प्रत्येक काच ४९ इंच लांब आणि १० इंच रुंद. ग्रेट स्टोव्हसाठी भांडून मिळवलेलं माप इथे कामाला आलं. सगळी इमारत २४ फुटांच्या पटीत आखलेली.

तो थेंब इथेही विसरला नव्हता. घड्यांमधली लाकडी पन्हळ २४ फूट लांब. तिच्या माथ्यावर पावसाच्या पाण्यासाठी मोठी खाच, आणि दोन्ही बगलांना आतून काचेवर धरलेल्या दवासाठी दोन बारीक खाचा. एकाच वाशात तीन पन्हळी. खालून लोखंडी सळीने ताणून ती मधोमध किंचित उचललेली, म्हणजे पाणी दोन्ही टोकांना वाहणार. तिथून मोठ्या पन्हळीत, आणि मग पोकळ बिडाच्या खांबांतून जमिनीखाली. छताचा भार घेणारा खांबच पाणी खाली नेतो. काचेचा उतार साधारण अडीचास एक. त्याहून सपाट केला तर दव घसरण्याऐवजी टपकतं. अशा पन्हळींची एकूण लांबी २४ मैल होती. काचा बसवणारे कामगार याच पन्हळींत चाकं अडकवलेल्या छत असलेल्या गाड्यांत बसून पुढे सरकत, त्यामुळे पावसातही काम चाले. एका आठवड्यात ८० जणांनी १८,००० हून जास्त काचा बसवल्या.

तरी छत गळलंच. मैलोगणती सांधे, उन्हात आकसणारं लाकूड, तडकणारी पुट्टी. आणि उन्हाळ्यात आत उकाडा होऊ नये म्हणून छतावर कापड अंथरावं लागलं. शेडनेट वापरणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल.

पॅक्स्टनच्या झाडांपैकी दोन आपल्या अंगणातली आहेत. ब्रह्मदेशातल्या ॲम्हर्स्टिया या फुलझाडासाठी त्याने १८३५ मध्ये जॉन गिब्सन नावाच्या माळ्याला कलकत्त्याला पाठवलं. खासी टेकड्यांतली ऑर्किडं आणि ॲम्हर्स्टिया घेऊन तो १८३७ मध्ये परतला. चॅट्सवर्थला ते झाड फुललं नाही. इंग्लंडमध्ये पहिलं फूल आलं ते १८४९ मध्ये, लंडनजवळच्या दुसऱ्याच बागेत. मुंबईच्या राणीच्या बागेत याच झाडाला आपण उर्वशी म्हणतो.

दुसरं केळीचं. मॉरिशसमार्गे आलेली चिनी बुटकी केळ पॅक्स्टनने काचघरात लावली, १८३५ च्या नोव्हेंबरात तिला फुलोरा आला, आणि मालकाच्या आडनावावरून तिचं नाव पडलं कॅव्हेंडिश. जळगावची बसराई काय किंवा आजची ग्रँड नैन काय, दोन्ही याच गटातल्या. जळगावचे मुनवे, म्हणजे लागवडीचे कोंब, चॅट्सवर्थहून आले असं मात्र नाही, तिथलं आहे ते नाव. या केळीला बी धरत नाही, सगळी लागवड कंदांची किंवा ऊतिसंवर्धित रोपांची, त्यामुळे रोग आला तर सगळ्या बागा सारख्याच बळी पडतात.

पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना. ग्रेट स्टोव्हचे बॉयलर बंद झाले आणि आतली झाडं थंडीने गेली. १९२० मध्ये ती इमारत सुरुंग लावून पाडली. काम पाहिलं चार्ल्स मार्कहॅमने, म्हणजे पॅक्स्टनच्या नातवानेच, आणि एका प्रयत्नात ती पडली नाही. पायाच्या दगडी भिंती अजून तशाच आहेत. त्यांच्या आत १९६२ मध्ये यू झाडांच्या कुंपणांचा भुलभुलैया लावला आहे.